क्षितिजाचा भरवसा



जुहूच्या चौपाटीवर सूर्याची खालची कड पाण्याला टेकते, तेव्हा खरे पाहता जवळजवळ अख्खा सूर्य क्षितिजाखाली गेलेला असतो. बिंब सुमारे ३२ कलांचे, आणि क्षितिजालगत हवा त्याला वर उचलते सुमारे ३४ कला! या कला पंचांगातल्याच, अंशाचा साठावा भाग. दर्यावर्दीच्या हिशेबात एक कला म्हणजे एक सागरी मैल, १८५२ मीटर. कोन मोजणाऱ्या सेक्स्टंटवर कलेची चूक झाली की नकाशावर मैलाची झालीच.

तारा जितका उंच दिसेल, तितके आपण त्याच्या बरोबर खालच्या बिंदूजवळ. सेक्स्टंटचे सगळे गणित यावर उभे. हवेत किरण वाकतात, त्या अपवर्तनामुळे तारा वाजवीपेक्षा उंच दिसतो: १० अंशांवर सव्वापाच कला, ४५ अंशांवर एक, डोक्यावर शून्य. १० अंशांवरच्या ताऱ्याची ही वजावट राहिली, तर जहाज कागदावर सव्वापाच मैल ताऱ्याकडे सरकते. पण मला या चुकीची धास्ती वाटत नाही. नॉटिकल अल्मनाकात, म्हणजे दर्यावर्दींच्या पंचांगात, तिचे कोष्टक आहे, १० अंश सेल्सिअस आणि १०१० मिलिबार धरून. हवा वेगळी असेल तर जादा दुरुस्तीही आहे.

गोम आहे ती ज्याच्यापासून उंची मोजतो त्या क्षितिजात. डोळा पाण्यापासून ९ मीटर वर असेल, तर दिसणारे क्षितिज आडव्या रेषेपासून ५.३ कला खाली असते. हा झाला डिप. निव्वळ भूमितीने तो ५.८ यायला हवा. उरलेली अर्धी कला हवेने खाल्ली. पण ही सरासरी हवा. गार पाण्यावर ऊन हवा पसरली की किरण जास्त वाकतात, क्षितिज वर येते, ताऱ्याची उंची कमी भरते. पाणी ऊन आणि हवा गार असेल तर उलटे. तांबड्या समुद्रात आणि इराणच्या आखातात हा प्रकार नाविकांच्या चांगला ओळखीचा आहे.

हवा किती थापा मारू शकते? आर्क्टिकमधल्या नोवाया झेमल्याच्या बर्फात अडकलेल्या डच दर्यावर्दी बॅरेंट्सच्या खलाशांना २४ जानेवारी १५९७ रोजी सूर्य दिसला, अपेक्षेपेक्षा दोन आठवडे आधी. तेव्हा तो क्षितिजाखाली सुमारे पाच अंश होता. त्यांच्यातल्या गेरिट दे फेरने हे लिहून ठेवले, तर विद्वानांनी खलाशांच्या दिवसमोजणीवरच संशय घेतला! थंड थरांमध्ये कोंडलेला प्रकाश पृथ्वीच्या गोलाईबरोबर वळत आला होता.

दीपस्तंभाचेही तेच. ३६ मीटर उंचीचा दिवा ९ मीटरवरच्या डोळ्याला भूमितीने १७.४ मैलांवर दिसू लागावा. नेहमीच्या हवेत तो १८.७ मैलांवरच डोके काढतो. दिवा उगवताच अंतर पक्के झाले असे मानणाऱ्याने हवेचा अंदाज आधी घ्यावा.

डिपच्या चुकीवर उपाय आहेत. चार दिशांचे चार तारे घेतले की डिपची समान चूक समोरासमोर कटते. एकटा सूर्य असेल, आणि तो भर दुपारी ६० अंशांच्या वर असेल, तर पाठ फिरवून मागच्या क्षितिजापासूनही कोन घ्यावा; सेक्स्टंट सुमारे १२० अंशांपर्यंत मोजतो. समोरून ७०, तर मागून ११०. बाकीच्या दुरुस्त्या करून बेरीज १८० च्या वर जितकी जाईल, त्याच्या निम्मा त्या वेळचा खरा डिप. मात्र दोन्हीकडचे क्षितिज स्वच्छ हवे; एका बाजूला धुरकट असेल तर ही खटपट फुकट.