शून्यलब्धि आणि गुंतलेलीं समीकरणें



'दर्पण' पत्र १८३२ सालीं निघालें आणि बाळशास्त्री जांभेकर त्याचे संपादक होते, हें आपणां सर्वांस ठाऊक आहे. परंतु मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजांत गणित शिकविणाऱ्या या पंडितानें डिफरन्शियल कॅल्क्युलसवर मराठींत 'शून्यलब्धि' नांवाचें पुस्तक लिहिलें, हें थोड्यांसच माहीत असतें. लब्धि म्हणजे भागाकाराचें उत्तर. दोन राशींतील बदल शून्याच्या अगदीं निकट नेले असतां त्यांच्या भागाकाराचें उत्तर ज्या संख्येस जाऊन भिडतें, ती शून्यलब्धि.

हें आज सांगण्यास कारण आहे. आमच्या सुप्याकडचीं पुष्कळ मुलें दहावीपर्यंत मराठींत शिकतात आणि पुढें शास्त्रशाखेंत हेंच गणित त्यांच्यापुढें इंग्रजींत येऊन उभें राहतें. त्यांत अव्यक्त फलाचें विकलन आलें, म्हणजे य ही राशि समीकरणांत क्षशीं गुंतलेली असली, कीं कित्येकांचा धीर सुटतो. गणित मात्र तितकें अवघड नाहीं. आपण तें घरच्या वस्तूवर करून पाहूं.

माळवदावर चढण्याकरितां पांच हात लांबीची शिडी भिंतीस टेकली आहे. तिचा पाय भिंतीपासून तीन हात दूर आणि टोक चार हात उंच आहे. अंतरास क्ष म्हणूं, उंचीस य. क्षचा वर्ग अधिक यचा वर्ग बरोबर पंचवीस. आतां पाय किंचित् सरकला तर टोक किती उतरेल?

विद्यार्थी लगेच वर्गमूळ काढून यला मोकळा करूं लागतात. त्याची गरज नाहीं. समीकरण आहे तसेंच ठेवावें आणि प्रत्येक पद किती बदलतें एवढेंच पाहावें. संख्या किंचित् बदलली कीं तिचा वर्ग त्या बदलाच्या, संख्येच्या दुपटीइतक्या पटीनें बदलतो. म्हणून क्षचा वर्ग क्षच्या वाढीच्या सहापट वाढेल आणि यचा वर्ग यच्या घटीच्या आठपट घटेल. बेरीज पंचवीसच राहावयाची. तेव्हां जमाखर्च जुळलाच पाहिजे. अर्थात् टोक पायाच्या पाऊणपट उतरतें. शून्यलब्धि उणे पाऊण! पडताळा पाहा : पाय ३.०१ हातांवर नेला तर उंची सुमारें ३.९९२५ उरते.

कोणी म्हणेल, हें वर्गमूळानेंहि आलें असतें. खरें, पण फ्रेंच पंडित देकार्तनें १६३८ सालीं फर्मा यास घातलेलें कोडें घ्या. दोन संख्यांच्या घनांची बेरीज त्यांच्या गुणाकाराच्या ठराविक पटीइतकी आहे. त्या वक्राची स्पर्शरेषा काढावयाची. फर्मानें ती काढली. येथें य मोकळा करणें महाकष्टाचें आहे. ती पट सहा धरूं आणि क्ष व य दोन्ही तीन घेऊं. दोहों बाजूंस चोपन्न येतात. डावीकडे प्रत्येक घन आपापल्या बदलाच्या सत्तावीसपट बदलतो. उजवीकडे गुणाकारांतले दोघेहि हलतात, आणि नेमका हाच दुसरा बदल मुलें विसरतात. तेथें प्रत्येकाच्या बदलाची अठरापट येते. वजाबाकी करतां दोहोंकडे नऊपट उरते, आणि त्यांची बेरीज शून्य. म्हणजे एक जितका वाढेल तितकाच दुसरा घटेल. स्पर्शरेषेचा उतार उणे एक.

शिक्षकबंधूंनो, परीक्षेची इंग्रजी परिभाषा अवश्य शिकवा. परंतु फळ्यावर पहिलें चिन्ह लिहिण्यापूर्वीं हा जमाखर्च एकदां मराठींत बोलून दाखवा. समजलेल्या गोष्टीस नवें नांव लावणें सोपें असतें. न समजलेल्या नांवापायीं मात्र चांगला मुलगा शास्त्रशाखा सोडून जातो.