आधी आकार, मग स्कॅन



आजोबांचा एक जुना फोटो आहे.
नळदुर्गच्या किल्ल्यात, नर-मादी धबधब्यासमोर काढलेला.
तो मोठा करून भिंतीवर लावायचाय.

तुम्ही दुकानात जाता.
दुकानदार विचारतो, "किती डीपीआयवर स्कॅन करू?"

डीपीआय म्हणजे, एका इंचात किती ठिपके.
बस, एवढंच.

फोटो आहे तेवढाच छापायचाय?
मग 300 पुरे.
लांबी-रुंदी दुप्पट हवी?
मग 600 सांगा.

कारण ठिपके तेवढेच राहिले, आणि कागद वाढला,
की ते विरळ होतात.
चित्र फुटतं.

म्हणून, आधी छपाईचा आकार ठरवा.
मग स्कॅन करा.

नंतर संगणकावर आकडा वाढवता येतो, हे खरं.
पण स्कॅनरनं जे टिपलंच नाही, ते आकडा वाढवून येत नाही.

चौकातल्या फ्लेक्सला कमी ठिपके चालतात.
तो आपण लांबून पाहतो.
वाढदिवसाच्या एखाद्या फ्लेक्सजवळ जाऊन बघा.
भाऊंच्या मिशीत ठिपकेच ठिपके!

आता रंग.
पडद्यावर लाल, हिरवा, निळा प्रकाश असतो.
छपाईत शाई असते: निळसर, किरमिजी, पिवळी आणि काळी.
त्यामुळे पडद्यावरचा झगझगीत हिरवा, कागदावर थोडा मंदच उतरतो.
त्यात दुकानदाराचा दोष नसतो.

तेव्हा दुकानात गेल्यावर पुन्हा तेच.
आधी आकार, मग स्कॅन.

आणि हो, फोटो ठेवण्याआधी
स्कॅनरची काच मऊ, कोरड्या फडक्यानं पुसायला सांगा.