मेस्ता : डिंकाने जगवलेलं गाव



ग्रीसच्या खिऑस बेटावर मेस्ता नावाचं छोटंसं गाव आहे.
चाच्यांच्या भीतीने ते किल्ल्यासारखं बांधलं.
कडेच्या घरांच्या पाठभिंती, हाच त्याचा तट.

पण गावाला जगवलं ते डिंकाने.
आपल्या काष्ठौषधींच्या दुकानातली रुमी मस्तकी, ती म्हणजे हाच डिंक.

उन्हाळ्यात मस्तकीच्या झाडाखालची जमीन झाडतात.
तिच्यावर पांढरी माती पसरतात.
खोडाला बारीक चिरा देतात.
डिंकाचे थेंब टपकतात, सुकतात.
पुढे बायका एकत्र बसून एकेक खडा हाताने साफ करतात.
किती चिकाटीचं काम हे!

१८२२ साली ऑटोमन फौजांनी बेटावर भीषण कत्तल केली.
मेस्तासारखी डिंकाची गावं मात्र बरीचशी वाचली.
सुलतानाच्या दरबाराला हा डिंक हवा होता.
होय, डिंकानेच गाव जगवलं.

१९३८ साली डिंक उत्पादकांचा संघ स्थापन झाला.
तो आजही चालू आहे.