अर्थशास्त्र शाळेत शिकवावे कसे?

(माध्यमिक शिक्षकांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा संपादित भाग)



मराठीतून अर्थशास्त्र सांगण्याचा उद्योग आजचा नव्हे. लोकहितवादींचे ‘लक्ष्मीज्ञान’ १८४९ साली प्रसिद्ध झाले, तेव्हा मुंबई विद्यापीठाचा जन्मही व्हावयाचा होता. पुढे १८९२ साली पुण्याच्या डेक्कन कॉलेजात न्यायमूर्ती रानडे यांनी भारतीय अर्थशास्त्रावर व्याख्यान दिले. इंग्लंडच्या परिस्थितीतून निघालेले सिद्धान्त या देशाला जसेच्या तसे लागू पडणार नाहीत, हे त्यांनी तेथे ठामपणे मांडले. आपल्या भोवतालचे व्यवहार पाहून हे शास्त्र शिकावे, ही दृष्टी महाराष्ट्राला इतकी जुनी आहे. ती वर्गाच्या उंबरठ्याशी का अडली, याचा विचार आज करावयाचा आहे.

राज्य मंडळाच्या शाळांत हा विषय दीर्घकाळ भूगोलाच्या आश्रयाने राहिला. २०१७ साली नववीचे नवे पुस्तक आले, त्यात भूगोलाच्या पोटात अर्थशास्त्राची ओळख करून देणारे एक प्रकरण आले. ते शिकविण्याचे काम अनेक ठिकाणी अशा शिक्षकाकडे येते, ज्याने स्वतः पदवीला अर्थशास्त्र घेतलेले नसते. मग व्याख्या फळ्यावर येते, फळ्यावरून वहीत आणि वहीतून उत्तरपत्रिकेत जाते. २००५ च्या राष्ट्रीय आराखड्यानंतर आलेल्या केंद्रीय पुस्तकाची मांडणी याहून सरस होती. पालमपूर या कल्पित गावाच्या कथेतून त्यात उत्पादनाचे घटक समजावले होते. परंतु पालमपूरची जमीन तोंडपाठ असलेल्या मुलाला आपल्या तालुक्यातील विहिरी किती खोल गेल्या हे ठाऊक नसेल, तर कथेचा उपयोग अर्धाच झाला म्हणावयाचा.

वाणिज्य शाखेकडे जाणारा विद्यार्थी हा विषय अकरावीत पुन्हा शिकेल. प्रश्न आहे तो आय.टी.आय.कडे, विज्ञानाकडे, शेतीकडे अथवा थेट मजुरीकडे वळणाऱ्यांचा. शाळेतील अर्थशास्त्राशी त्यांची शेवटची भेट दहावीपर्यंतच. त्यानंतर तीन-चार वर्षांत हीच मुले दुचाकीच्या किंवा मोबाईलच्या कर्जाच्या कागदावर सही करतात.

ती सही कशावर होते ते पाहा. दहा हजारांचे कर्ज वर्षाला १२ टक्के ‘फ्लॅट’ दराने दिले असे समजू. व्याज १,२०० रुपये. एकूण ११,२०० रुपये बारा समान हप्त्यांत फेडावयाचे, म्हणजे दरमहा सुमारे ९३३ रुपये. हिशेब स्वच्छ दिसतो. परंतु पहिल्या हप्त्यापासून मुद्दल घटू लागते. सहा हप्त्यांनंतर ते जवळजवळ निम्म्यावर येते. आणि व्याज मात्र बाराही महिने पूर्ण दहा हजारांवर आकारलेले! खरोखर शिल्लक असलेल्या मुद्दलावर हा दर २१ टक्क्यांच्या पुढे जातो. गावातला सावकार ‘शेकडा तीन’ म्हणतो तेव्हा ते महिन्याचे असतात, वर्षाचे ३६. सरळव्याजाची उदाहरणे आपण गणिताच्या तासाला शेकड्याने सोडवून घेतो, पण कागदावर छापलेला दर आणि प्रत्यक्ष पडणारा दर निराळे असू शकतात, हे सांगण्याची जबाबदारी ना गणिताच्या शिक्षकाची, ना भूगोलाच्या. दोघांनी मिळून यासाठी दोन तास काढावेत. आठवीच्या गणितापलीकडे त्याला काही लागत नाही.

दुसरे साधन बाजार समितीचे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये सहावी ते आठवीसाठी दहा दिवस दप्तराविना ठेवण्याची सूचना आहे. त्यातील एक दिवस लिलावाच्या ओट्यावर जावा. मुलांनी आवक किती, पहिली बोली किती, अखेरचा भाव किती, हे वहीत टिपावे. त्याच मालाचा किरकोळ दुकानातला भाव संध्याकाळी विचारावा आणि मधल्या अंतरात हमाली, तोलाई, वाहतूक, नासाडी व नफा यांचा वाटा शोधावा. फळे-भाजीपाल्यावरील आडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घ्यावी, असा निर्णय महाराष्ट्रात २०१६ साली झाला. नववीच्या मुलांपुढे एवढाच प्रश्न ठेवा : आडत खरेदीदाराच्या नावावर गेली, पण तिचा भार गेला का? खरेदीदार बोलीच खाली आणू लागला तर काय होईल? कररचनेतील एक अवघड तत्त्व अशा वेळी मुले आपणहून मांडतात, आणि त्यांच्या घरच्या शब्दांत मांडतात.

येथे एक पथ्य सांगितले पाहिजे, आणि ते आपल्यासारख्या विचारनिष्ठ मंडळींना अधिक कठीण जाते. केंद्र सरकारने डिसेंबर २०२३ मध्ये कांद्याची निर्यात थांबविली. मे २०२४ मध्ये बंदी उठली, पण किमान निर्यातमूल्य व ४० टक्के शुल्क राहिले. शुल्क पूर्णपणे गेले ते एप्रिल २०२५ मध्ये. नाशिक जिल्ह्यातील विद्यार्थ्याच्या घरात या तारखांचा अर्थ एक, मुंबईतील चाळीत दुसरा. शिक्षकाने कोणाच्या बाजूचा निकाल देऊ नये. अर्ध्या वर्गाला उत्पादक करावे, अर्ध्याला ग्राहक. तासाच्या मध्यावर बाजू बदलाव्यात. आपल्याला प्रिय असलेल्या सरकारचा निर्णय असो वा अप्रिय, त्याची किंमत कोणी चुकविली हे विचारण्याची सवय मुलांना लागली पाहिजे. ज्याला फक्त आपल्याच बाजूचा हिशेब मांडता येतो, त्याला अर्थशास्त्र आले असे मी मानणार नाही.

हे सारे परीक्षेत उतरल्याशिवाय टिकणार नाही, कारण गुण नाहीत त्याला वेळ नाही, हा शाळेचा अलिखित नियम आहे. मंडळाची प्रश्नपत्रिका बदलेपर्यंत थांबण्याचे मात्र कारण नाही. घटक चाचणी आपल्या हातची आहे. ‘मागणी म्हणजे काय?’ याऐवजी चार आठवड्यांची आवक व भाव यांचा तक्ता द्यावा आणि तिसऱ्या आठवड्यात भाव का पडला असावा ते विचारावे. उत्तरे एकसारखी येणार नाहीत, तपासावयास वेळ लागेल, आणि दोन शिक्षकांचे गुण जुळणार नाहीत. त्यासाठी गुणदानाचे निकष आधीच लिहून ठेवावे लागतात.

भोजनोत्तर सत्रात तेच काम गटांनी करावयाचे आहे. ज्यांनी आपल्या गावच्या बाजारभावांची कात्रणे आणली असतील, त्यांनी ती गटप्रमुखांकडे द्यावीत.