खरेदीखतातली जुनी अट

घर आपण घेतो, खरेदीखत मात्र वकिलाने वाचलं की आपलं समाधान होतं. अमेरिकेत जुनी घरं घेणाऱ्या काहींनी ते स्वतः वाचलं आणि ते चपापले. आत अट होती: या जागेत गोऱ्यांखेरीज कुणी राहू नये. पुढे लगेच सवलत, घरात नोकर म्हणून असेल तर चालेल. म्हणजे चूल सांभाळायला हरकत नाही, फक्त चुलीवर हक्क सांगू नये. ही मखलाशी आपल्याला कुणी समजावून सांगायला नको.

नगरपालिकांनी वर्णाप्रमाणे वस्त्या आखू नयेत, असं तिथल्या सुप्रीम कोर्टाने १९१७ मध्येच बजावलं होतं. मग खासगी करारांचं पेव फुटलं. पुढे घरकर्जांना हमी देणारं सरकारी खातंच अशा अटींची शिफारस करू लागलं. सेंट लुईसच्या लॅबडी रस्त्यावरच्या घरमालकांनी तर त्याआधीच, १९११ मध्ये, ५० वर्षांची अट लिहून ठेवली होती. १९४५ मध्ये शेली या कृष्णवर्णीय कुटुंबाने तिथे घर घेतलं, आणि शेजारी कोर्टात गेले. ३ मे १९४८ रोजी सुप्रीम कोर्टाचा निकाल शेलींच्या बाजूने लागला. नऊपैकी तीन न्यायमूर्ती सुनावणीला बसलेच नाहीत. कारण त्यांनी दिलं नाही, पण त्यांच्याच घरांवर अशी अट असावी, अशी बोलवा आजही आहे.

निकाल मोठा, पण त्यात पळवाट राहिली. कोर्ट ही अट बजावून देणार नाही, एवढंच ठरलं. अट लिहिण्याला बंदी नव्हती, तेव्हा ती लिहिली जातच राहिली. बंदी आली १९६८ च्या गृहनिर्माण कायद्याने. तरीही दप्तरातली जुनी अक्षरं जागच्या जागी राहिली.

त्यांचं करायचं काय, यावर अलीकडे राज्यं कायदे करू लागली. कॅलिफोर्नियाने २०२१ मध्ये नोंदणी कार्यालयांनाच अशा अटी शोधून झाकायला सांगितलं. मूळ प्रत मात्र जपायची. मिनेसोटात २०१९ पासून मालक एक अर्ज नोंदवून अट झिडकारू शकतो, मूळ कागद मात्र तसाच राहतो. मला मिनेसोटाची रीत पटते. मिनेसोटा विद्यापीठाच्या प्रकल्पात स्वयंसेवकांनी मिनिॲपोलिसची खतं वाचून कुठल्या घरांवर अट होती त्याचा नकाशा केला, तो मजकूर डोळ्यांसमोर होता म्हणूनच. झाकलेल्या ओळीचा नकाशा कोण काढणार?

आणि आपल्याकडे? अहमदाबादची एक पारशी गृहनिर्माण संस्था मुंबई इलाख्याच्या १९२५ च्या सहकार कायद्याखाली नोंदलेली. सभासद पारशीच हवा, हा तिचा पोटनियम २००५ मध्ये आपल्या सुप्रीम कोर्टाने वैध ठरवला. संघटना स्थापण्याचं स्वातंत्र्य घटनेनेच दिलंय, आणि अशा पोटनियमाला मनाई करायची तर ती विधिमंडळाने करावी, असं कोर्टाचं म्हणणं होतं.