पेठांमधून पायी

पुण्याचा गाभा पाहायचा तर गाडी लांब लावून पायीच फिरावं. सुरुवात कसबा पेठेतून. ग्रामदैवत कसबा गणपतीचं दर्शन घेऊन पुढे निघालं, की तांबट आळीतली ठोकाठोक कानावर येते. पेशवाईपासून चालत आलेलं हे काम. ओट्यावर बसलेला कारागीर घागर फिरवत एकेक ठोका देतो. ठोके एकसारखे पडले तरच तांब्यावर मठारकाम उठून दिसतं. हे कसब टिकायलाच हवं, आणि त्यासाठी तिथून एखादं भांडं विकत घेणं सर्वांत उत्तम.

जवळच शनिवारवाडा. 1732 साली वास्तुशांत झाली, 1828च्या आगीत आतले मजले जळाले. दिल्ली दरवाजा मात्र खणखणीत उभा आहे.

बुधवार पेठेत भिडेवाड्याची जागा लागते. 1848 साली जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी इथेच मुलींची शाळा सुरू केली. ज्या जोतीरावांनी मंडईच्या इमारतीवरच्या खर्चाला विरोध केला, त्यांचंच नाव पुढे मंडईला मिळालं. 1886ची ही दगडी, अष्टकोनी वास्तू आजही भाजीवाल्यांनी गजबजलेली असते. तुळशीबागेतली खरेदी उरकली, की शुक्रवार पेठेतल्या राजा दिनकर केळकर संग्रहालयासाठी निदान दोन तास राखून ठेवावेत.