दाभोशाच्या वाटेवरचं जेवण

(नभोवाणीवरील भाषण)



मी जव्हारचा. पावसाळा सुरू झाला की मुंबई, ठाणे, नाशिक इथले नातेवाईक आणि त्यांचे मित्र आमच्याकडून वाट विचारून दाभोशाचा धबधबा बघायला जातात. परत आले की आधी धबधब्याचं कौतुक होतं आणि मग जरा आवाज खाली आणून जेवणाचं निघतं. "जेवण छान होतं हो, पण दीड तास बसवून ठेवलं." कुणाला भाकरी काळी वाटलेली असते, कुणाला पनीर मिळालेलं नसतं, कुणी टिश्यू पेपर मागितला तर समोरची मुलगी नुसतीच हसलेली असते. जणू तो चुलीचा धूर मीच सोडला होता, अशा नजरेने ही मंडळी माझ्याकडे बघतात. तेव्हा आज या तक्रारींबद्दलच बोलावं म्हणतो. त्यातल्या काही अगदी रास्त आहेत, काही नाहीत.

दाभोसा जव्हारपासून वीसेक किलोमीटरवर आहे. लेंडी नदी तिथे सुमारे तीनशे फुटांवरून खाली कोसळते. त्या वाटेवर जागोजाग "घरगुती जेवण मिळेल" अशा पाट्या दिसतात. पत्र्याची शेड, कुडाची भिंत, त्यावर पांढऱ्या रंगात काढलेला तारप्याचा नाच, प्लास्टिकच्या चार खुर्च्या, मागे चूल. हॉटेल म्हणायचं तर म्हणा. आता येणारा पाहुणा कुठून आलेला असतो? मुंबई-पुण्याजवळच्या नदीकाठच्या रिसॉर्टांत हल्ली भूमध्य समुद्राकाठचं जेवण मिळतं. हमस, पिटा, फलाफल, वर ऑलिव्हच्या तेलाची धार. पाण्याच्या बाजूचं टेबल, बसल्याबरोबर मेनू कार्ड आणि पंधरा मिनिटांत ताट. ती सवय घेऊन तो लेंडीच्या काठी येतो आणि वर म्हणतो, भाकरी चुलीवरचीच हवी, कोंबडी गावठीच हवी. म्हणजे हव्यात दोन्ही गोष्टी, चूलही आणि पंधरा मिनिटंही.

या उशिराचं खरं कारण स्वयंपाकघरात सापडत नाही, ते शेतात आहे. पर्यटकांची झुंबड उडते ती जुलैत आणि ऑगस्टच्या सुरुवातीला. नेमकी तेव्हाच आमच्याकडे आवणी असते. उन्हाळ्यात राब भाजून तयार केलेल्या जमिनीत रोपं वाढलेली असतात. ती खणायची, जुड्या बांधायच्या, चिखलात लावायच्या. खाचरात भात, वरकस जमिनीवर नागली आणि वरई. पाऊस आहे तोवर हे उरकलं नाही तर वर्षभर खायचं काय? त्यामुळे तुम्हाला वाढणारी बाई सकाळी सहापासून गुडघाभर चिखलात वाकलेली असते. गाडीचा हॉर्न वाजला की ती हातपाय धुऊन येते आणि चूल पेटवते. लाकूड ओलं असतं. कोंबडी अजून अंगणात फिरत असते. ती धरण्यापासून सुरुवात. गावठी कोंबडी शिजायला वेळ घेते, जुनी असली तर जास्तच. दीड तासाचा हिशेब इथेच लागतो.

आणि भाकरी. नागलीचं पीठ गार पाण्यात मळून हाताला लागत नाही, तडकतं. म्हणून आधी पाणी उकळायचं, त्यात मीठ टाकायचं, पीठ पेरायचं आणि उलथन्याच्या दांड्याने घाटायचं. गरम उकड परातीत काढून, हात गार पाण्यात बुडवत बुडवत ती मळायची. चटका बसतोच. मग गोळा दोन्ही तळव्यांत फिरवत फिरवत थापायचा. कडा चिरली तर ओल्या बोटाने ती तिथल्या तिथे मिटवायची. खापरावर टाकायची, वरून पाण्याचा हात फिरवायचा, पाणी सुकायच्या आत उलटायची आणि शेवटी निखाऱ्यावर उभी धरायची. तेव्हा ती फुगते. एका भाकरीला लागायचा तेवढा वेळ लागतोच, आणि सात-आठ माणसांच्या टोळक्याला प्रत्येकी दोन म्हटल्या तरी किती झाल्या बघा. हे मी एका शेडमध्ये चुलीशेजारी बसून पाहिलं. बाहेर एक तरुण दर पाच मिनिटांनी "ताई, किती वेळ?" विचारत होता आणि आतून "झालंच, दादा" असं उत्तर जात होतं. भाकरी आली तर तो म्हणाला, "ही काळी का?"

"नागलीची आहे ना, दादा. तांदळाची करू का?"

त्याच्याबरोबरच्या बाई पुढे वाकून बघत म्हणाल्या, "अगं बाई, नाचणी का! मला डॉक्टरांनी सांगितलीय." आणि त्यांनी त्याची भाकरीही आपल्या ताटात ओढली.

डॉक्टर सांगतात ते बरोबरच आहे. शंभर ग्रॅम नागलीत तीनशे मिलिग्रॅमहून जास्त कॅल्शियम असतं. २०२३ साल तर भारताच्या पुढाकाराने संयुक्त राष्ट्रांनी भरडधान्यांचं वर्ष म्हणून साजरं केलं. पण ताटात नागली एकटी नसते. उडदाचं घट्ट वरण असतं, खुरासणीची चटणी असते, आणि ऋतू असेल तशी रानभाजी. पावसाच्या तोंडावर शेवळी येतात. त्या घशाला खाजतात म्हणून काकडाच्या झाडाची आंबट फळं घालून शिजवाव्या लागतात, हे ज्याला माहीत नाही त्याने त्यांच्या वाटेला जाऊ नये. पहिल्या पावसानंतर कोळीची भाजी, मग कंटोली. ओढ्याच्या चिंबोऱ्या मिळाल्या तर नशीब समजा, त्यांचा रस्सा हाताने ओरपायचा असतो. तिथे चमचा मागू नका.

आता गंमत बघा. ज्या भूमध्य समुद्राकाठच्या जेवणासाठी आपण रिसॉर्टात हजारो रुपये मोजतो, ते मुळात काय होतं? अँसेल कीज नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९५८ पासून सात देशांत आहार आणि हृदयविकार यांचा अभ्यास केला. त्यात ग्रीसचं क्रीट बेट होतं. तिथले शेतकरी काय खात होते? जाडीभरडी भाकर, कडधान्यं, डोंगरातून खुडून आणलेल्या रानभाज्या आणि घरच्या घाण्याचं तेल. मांस क्वचित. २०१० साली युनेस्कोने या आहारपद्धतीला मानवजातीच्या वारशाच्या यादीत जागा दिली. क्रीटच्या रानभाज्यांवर ऑलिव्हचं तेल पडतं, आमच्या भाज्यांवर खुरासणीचं किंवा मोहाच्या बियांचं. बाकी ताट ओळखीचंच आहे.

मात्र इथे थोडं थांबायला हवं. कीज यांच्याही आधी, १९४८ साली, रॉकफेलर प्रतिष्ठानाने क्रीटमध्ये पाहणी केली होती. तेव्हा तिथल्या लोकांनी आपल्या जेवणाचं कौतुक केलं नव्हतं. पोट भरत नाही, मांस आणखी हवं, असं त्यांतल्या बऱ्याच जणांनी सांगितलं होतं. जव्हार-मोखाड्यालाही ही गोष्ट लागू आहे. १९९२-९३ साली आमच्याच भागातल्या वावर-वांगणीच्या बालमृत्यूंनी सगळा महाराष्ट्र हादरला होता. कुपोषणाची बातमी आली की आजही पहिली नावं आमच्याच तालुक्यांची निघतात. तेव्हा "किती हेल्दी खातात ही माणसं!" असं कुणी पाहुणा भाकरी मोडता मोडता म्हणाला की मला ते रुचत नाही. ती माणसं नागली खातात ती पिकते म्हणून, आणि पुष्कळदा पुरेशी पिकत नाही. तुम्ही दिलेल्या थाळीच्या पैशांतून त्या घरात तेल, साखर, डाळ येते.

पाण्याचीही एक गोष्ट. ताटाआधी पाण्याचा तांब्या पुढे करणं हा आमच्याकडचा पहिला पाहुणचार. पर्यटक तो बाजूला सारतो आणि "बिसलेरी आहे का?" विचारतो. पोटाची काळजी समजू शकतो, पावसाळ्यात ओढ्या-विहिरींचं पाणी गढूळ असतं. पण आमच्या शेजारच्या मोखाडा तालुक्यात कोचाळ्याजवळ मुंबई महापालिकेने मध्य वैतरणा धरण बांधलं, १०२ मीटर उंचीचं. २०१४ पासून त्याला बाळासाहेब ठाकरे यांचं नाव आहे. दिवसाला ४५५ दशलक्ष लिटर पाणी मुंबईला देण्यासाठी ते बांधलेलं आहे. आणि याच मोखाड्यात एप्रिल-मे महिन्यांत पाड्यांवर टँकर फिरतात, बायका डोक्यावर हंडे घेऊन दरी चढतात. ज्याच्या घरी याच खोऱ्याचं पाणी नळाला येतं, तोच माणूस इथे येऊन बाटली मागतो. उन्हाळ्यात मोखाडा-खोडाळ्याच्या बाजूला जेवायला गेलात तर हात धुताना एवढं ध्यानात ठेवा, की तिथे नळ नाही, तांब्या आहे.

आता यजमानांच्या पदरात टाकण्याच्या तक्रारी. त्याही मी सोडणार नाही.

पहिली, दराची. ताटाचा भाव आधी सांगितलेला नसतो आणि उठताना तोंडी बेरीज होते. त्यात जादा भाकऱ्या किती, सोलकढी कुणी घेतली, यावर वाद होतो. शहरातली मोठी हॉटेलं बिलात परस्पर सेवाशुल्क लावत होती. ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ रोजी त्याला चाप लावला आणि २०२५च्या मार्चमध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने तो उचलून धरला. आमच्या शेडवाल्यांकडे सेवाशुल्क नाही हे खरं, पण भाव फळ्यावर लिहायला खडूच लागतो ना? दुसरी, स्वच्छतागृहाची. बायकांना घेऊन आलेलं कुटुंब दोन तास बसणार आणि सोय नाही, हे चालणार नाही. कितीही चवदार रस्सा असला तरी ते कुटुंब पुन्हा येत नाही. तिसरी फसवणुकीची. गावठी म्हणून बॉयलर कोंबडी वाढायची आणि वर लाल तेलाचा तवंग सोडून ती लपवायची, असे महाभाग वाटेवर भेटतात. खाणाऱ्याला हाडावरून कळतं हो.

आणि चौथी माझी स्वतःची. पाहुण्याला आवडेल म्हणून मंच्युरियन, पनीर मसाला, नूडल्स करायला घेतात आणि ते त्यांना जमत नाही. ज्या हाताला नागलीची कडा मिटवता येते, त्याने पाकिटातला मसाला का फोडावा? पण इथे दोष गिऱ्हाइकाचाच जास्त आहे. सतत मागतो कोण?

एका ठिकाणी मला एक चांगली युक्ती दिसली. दारात फळा. त्यावर आज काय आहे, काय नाही, ताट केवढ्याला, आणि खाली ठळक अक्षरांत "जेवण सांगून धबधब्याला जा." म्हणजे तुम्ही खाली उतरून, भिजून, वर चढून येईपर्यंत भाकऱ्या थापायला सुरुवात झालेली असते. तुम्हीही उपाशी, चूलही तापलेली. कुणी कुणाला बसवून ठेवलं नाही. फोन करून आधी सांगावं म्हणाल तर त्या खोऱ्यात नेटवर्क येईल तेव्हा खरं. पैसेही मोबाइलवरून जातीलच असं नाही. सुटे पैसे खिशात हवेत. पाऊस फार झाला की धबधब्यांवर बंदीचे आदेश निघतात. तेव्हा वाट अडवणाऱ्या पोलिसाशी भांडण्यात अर्थ नसतो. त्या दिवशी शेडमध्ये शिजवलेलं अन्न मात्र वाया जातं, हे कुणाच्या लक्षात येत नाही. शक्य असेल तर पुढे जाऊ दिलं नाही तरी जेवून परता.

पाहुणचाराची आमच्या गावाला जुनी सवय आहे. १६६४ साली सुरतेच्या स्वारीवर जाताना शिवाजी महाराज जव्हारजवळ शिरपामाळावर थांबले आणि इथल्या मुकणे राजाने त्यांना मानाचा शिरपेच दिला, असं आमच्याकडे सांगतात. जेवायला काय वाढलं ते कुणीच सांगत नाही. माझा अंदाज विचाराल तर आवणीचे दिवस नव्हते. सुरत लुटली ती जानेवारीत. जेवण वेळेवर मिळालं असावं.

मला विचाराल तर जुलैच्या गर्दीत जाऊच नका. भाद्रपदाच्या शेवटी, आश्विनात जा. पाणी अजून धो धो असतं, उतारांवर खुरासणी पिवळी फुललेली असते, आवणी कधीच आटोपलेली असते आणि बायकांना बोलायला सवड असते. दिवाळीनंतर गेलात तर नवी नागली, नवी वरई मिळेल. पण त्यापुढे फार लांबवू नका. कापणी-झोडणी संपली की पुष्कळ घरं भिवंडी, वसईकडे वीटभट्ट्यांवर कामाला निघतात. डिसेंबरात एखाद्या शेडला कुलूप दिसलं तर मालक आळशी आहे असं समजू नका. तो होळीला येईल, आणि पुन्हा पावसाच्या आधी. तोवर जव्हारच्या बाजारपेठेतल्या खानावळी उघड्या असतात. तिथे नागलीची भाकरी हवी असेल तर सकाळीच सांगून ठेवा. न सांगता गेलात तर चपाती मिळेल.